खण उघडा, खण झाका : बाजारपेठेतल्या जुन्या इमारतीचं कौलारू छप्पर बदलताना

खाली रस्त्याला लागून दुकानांचे गाळे, वर पेढी किंवा गोदाम, त्यावर पोटमाळा आणि सगळ्यांत वर सागवानी कैच्यांवर पेललेली मंगलोरी कौलं. मुंबईत काळबादेवी-भुलेश्वरकडे, पुण्याच्या पेठांत, चिपळूण-रत्नागिरीच्या बाजारात आणि पणजीत अशा इमारती अजून उभ्या आहेत, आणि त्यांतला धंदाही चालू आहे. छप्पर गळू लागलं की गाळेवाल्यांना दोन उपाय हमखास सुचवले जातात. एक, कौलांवरून डांबर किंवा वॉटरप्रूफिंगचा थर फासणं. दोन, कौलं उतरवून पत्रे टाकणं. पहिल्या उपायाने कौलांखाली ओल कोंडते आणि लाकूड कुजतं. दुसऱ्याने इमारतीचं रूप जातं, उन्हाळ्यात वरचा मजला भट्टीसारखा तापतो, आणि वजनाचा हिशेब बिघडतो तो वेगळाच.

इथे तिसरा रस्ता दिला आहे : आहे तेच छप्पर, त्याच उताराचं, त्याच कौलांचं, पण खालपासून नीट करून पुन्हा बसवायचं. दोन कैच्यांमधल्या जागेला खण म्हणतात. सगळं काम खणाखणाने करायचं. संध्याकाळपर्यंत झाकता येईल तेवढंच सकाळी उघडायचं, आणि उतरवलेल्यातलं जे शाबूत असेल ते परत जागेवर बसवायचं. छप्पर बदलताना इमारतीचं नुकसान होतं ते बहुतेक वेळा हे दोन नियम मोडल्यामुळेच.

आधी हिशेब

उदाहरणासाठी ९ मीटर रुंद आणि १८ मीटर खोल अशी दुपाखी इमारत घेऊ. उतार ३० अंशांचा आणि वळचण थोडी बाहेर काढलेली धरली, तर छपराचं क्षेत्र साधारण २०० चौरस मीटर भरतं. चौरस मीटरला १५ कौलं धरली तर ३,००० कौलं लागतात. एक कौल अडीच किलोचं धरलं, तर वर साडेसात टन वजन आहे. चांगलं कौलसुद्धा आपल्या वजनाच्या १८ टक्क्यांपर्यंत पाणी पिऊ शकतं. म्हणजे मुसळधार पावसात सव्वा टनाहून जास्त भर पडू शकते. जुन्या सुतारांनी कैच्या, वासे आणि सांधे या भाराच्या अंदाजानेच घडवले होते.

त्याच सांगाड्यावर पत्रे टाकले तर वजन जेमतेम एक टन राहतं. ऐकायला बरं वाटतं, पण जुन्या कैच्या भिंतीवर नुसत्या टेकवलेल्या असतात आणि कौलांचा भारच त्यांना दाबून धरतो. तो भार गेला की वारा पाखं खालून उचलतो. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने रायगड आणि रत्नागिरी जिल्ह्यांत किती छपरं उडवली, हे किनाऱ्यावरच्या लोकांना सांगायला नको. तेव्हा कौलंही उडाली. पण उडालेल्या कौलाची जागा भरता येते. अख्खं पाखं कैचीसकट उचललं गेलं तर भिंतही सोबत जाते.

लागणारी माणसं आणि साहित्य

- जुन्या बांधकामाचा अनुभव असलेला वास्तुरचनाकार आणि संरचना अभियंता
- सुताराची टोळी, कौलं बसवणारे दोन-तीन जाणते कारागीर, चुन्याचं काम येणारा गवंडी
- लोखंडी पाइपांची परांची, जाड फळ्या, दोर, कप्पी, पडण्यापासून वाचवणारे पट्टे, हेल्मेटं
- दोन खण झाकतील एवढ्या जाड ताडपत्र्या
- नवीन आणि जुन्या मोडीतली कौलं, आढ्यावरचे कोने, काही काचेची कौलं
- जुनं सागवान, रिपा, स्टेनलेस स्टीलचे बोल्ट आणि खिळे, तांब्याची तार
- विरवलेला चुना, विटकरीची पूड म्हणजे सुरखी, धुतलेली वाळू
- पन्हळींसाठी आणि भिंतीलगतच्या सांध्यांसाठी जस्ती, तांब्याचा किंवा शिशाचा पत्रा
- आग विझवायचे सिलिंडर आणि वाळूच्या बादल्या

पायरी १ : पावसाळ्यात आतून पाहणी

कामाची सुरुवात आदल्या जुलैत होते. पाऊस कोसळत असताना टॉर्च घेऊन पोटमाळ्यावर जा. जिथे थेंब पडतो तिथून वर पाहत जा, कारण पाणी वाशाच्या खालच्या कडेने पाच-सहा फूट ओघळत येऊन भलतीकडेच पडतं. जिथे पाणी आत शिरतं तिथे वाशावर खडूने खूण करा आणि तारीख घाला. महिन्याभरात तीन-चार वेळा हे केलं की चित्र स्पष्ट होतं. गळती क्वचितच सगळ्या पाख्यावर पसरलेली असते. ती दोन पाखी जिथे आत मिळतात त्या कोनात, शेजारच्या भिंतीलगत, तुंबलेल्या पन्हळीपाशी, भिंतीत रुजलेल्या पिंपळाखाली आणि कुणीतरी केबल ओढताना कौल सरकवलेलं असतं तिथे सापडते.

पायरी २ : नोंद आणि मोजमाप

पाऊस थांबला की प्रत्येक कैचीला क्रमांक द्या : रस्त्याकडून १, २, ३. दोन पाख्यांना पूर्व-पश्चिम अशी नावं द्या. मग प्रत्येक वाशाला पत्ता मिळतो, उदाहरणार्थ ‘३-पूर्व-५’. फोटो काढा, आढ्याची आणि वळचणीची उंची मोजा, उताराचा कोन घ्या, आढं कुठे झुकलंय ते सूत ताणून पाहा. ही वही पुढे परवानगीसाठी, ठेकेदाराच्या बिलासाठी आणि उतरवलेलं लाकूड ओळखण्यासाठी उपयोगी पडते.

एखाद-दुसरं सुटलेलं कौल काढून त्याची पाठ पाहा. कारखान्याचं नाव तिथे उठवलेलं असतं. बासेल मिशनने मंगळूरला कौलांचा कारखाना १८६५ मध्ये काढला आणि त्यांच्या कौलांवर ते साल दिसतं. ते कारखान्याच्या स्थापनेचं साल आहे, कौल भाजल्याचं नव्हे. त्यावरून ‘आमचं छप्पर १८६५ चं’ असं कागदावर लिहून देऊ नका. पहिल्या महायुद्धानंतर हे कारखाने कॉमनवेल्थ ट्रस्टकडे गेले. त्यामुळे बासेल मिशनचा ठसा असलेलं कौल साधारणपणे त्याआधीचं धरता येतं. पुढे मंगळूरच्या इतर कारखान्यांची, तशीच गुजरातेतल्या मोरबीची कौलंही बाजारात आली. एकाच पाख्यावर तीन-चार ठसे मिळाले तर समजा की छपराची डागडुजी तितक्या वेळा तरी झाली आहे.

पायरी ३ : लाकडाची परीक्षा

बाजारात प्रत्येक दुकानात गोणी शिवायचं दाभण असतं. लाकूड तपासायला तेवढं पुरतं. निरोगी सागवानात दाभण जोर लावूनही फार आत जात नाही. कुजलेल्यात ते लोण्यात शिरावं तसं जातं. आधी तुळयांची आणि कैच्यांची भिंतीत गेलेली टोकं तपासा, कारण कूज तिथूनच सुरू होते. मग वळचणीकडची वाशांची टोकं, आणि शेवटी मधला भाग. हातोडीच्या दांड्याने ठोकून पाहा. भरीव लाकूड खणकतं, आतून पोखरलेलं भदभद वाजतं. वाळवीची मातीची नळी भिंतीवरून वर चढताना दिसली तर ती नुसती पुसू नका. ती जमिनीतून कुठून निघाली ते शोधा.

लोखंडी पट्ट्या, बोल्ट आणि खांबही पाहून घ्या. एकोणिसाव्या शतकातल्या इमारतींत ओतीव लोखंडाचे खांब असतात. ते ठिसूळ असतात आणि साध्या वेल्डिंगने तडकतात. त्यांना हात लावण्याआधी अभियंत्याला दाखवा.

या पायरीअखेर वहीत तीन रकाने भरलेले हवेत : जसं आहे तसं राहील, दुरुस्त होईल, बदलावं लागेल. नीट पाहणी केली तर तिसरा रकाना ठेकेदाराच्या पहिल्या अंदाजापेक्षा बहुधा बराच लहान निघतो.

पायरी ४ : परवानग्या आणि गाळेवाल्यांची सही

इमारत वारसा यादीत आहे का, ते आधी पालिकेत पाहा. मुंबईत वारसा नियमावली १९९५ मध्ये लागू झाली. यादीत पहिली, दुसरी ‘अ’ व ‘ब’, आणि तिसरी अशा श्रेणी आहेत. श्रेणी जितकी वरची तितकी बाह्य रूपात बदलाची मोकळीक कमी, आणि प्रस्ताव वारसा संवर्धन समितीपुढे जाण्याची शक्यता जास्त. इमारत एकटी यादीत नसली तरी तो परिसर वारसा परिसर असू शकतो. मुंबई शहरातली उपकरप्राप्त इमारत असेल तर म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाकडेही जावं लागतं.

अर्जात एक वाक्य ठळक लिहा : साहित्य, उतार आणि आढ्याची उंची बदलणार नाही. ‘कौलं काढतोच आहोत तर पोटमाळा दोन फूट उंच करून घेऊ’ हा सल्ला कामाच्या पहिल्याच आठवड्यात कुणीतरी देतोच. तो ऐकला तर दुरुस्तीचं वाढीव बांधकाम होतं आणि काम मध्यावर, छप्पर उघडं असताना थांबवलं जाऊ शकतं.

पगडीच्या इमारतीत खर्चाचा वाद आधीच मिटवा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ प्रमाणे जागा सुस्थितीत ठेवणं मालकाचं काम आहे. त्याने ते टाळलं तर भाडेकरूंनी नोटीस देऊन दुरुस्ती करायची आणि ठरावीक मर्यादेत खर्च भाड्यातून वळता करायचा, अशी सोय आहे. पण पगडीच्या भाड्यातून छपराचा खर्च फिटायला पिढ्या जातील. म्हणून मालक आणि गाळेवाले यांनी वाटा ठरवून लेखी करार केलेला बरा. वरच्या मजल्यावरच्याचं छप्पर गळतं आणि तळमजल्यावरचा म्हणतो ‘माझं काय जातं?’ त्याला पायरी ३ मधली कुजलेली तुळईची टोकं दाखवा. ती भिंत त्याच्याच गाळ्यात उतरते.

पायरी ५ : वेळ ठरवणं

दिवाळी उरकली की सुरुवात करा. कोकणात आणि मुंबईत मृग लागण्याआधी, म्हणजे ७ जूनच्या आत सगळं संपायला हवं. पण हिशेब एप्रिलअखेरचा ठेवा, मे महिना राखीव धरा. देशावर वळीव एप्रिलपासूनच गाठू शकतो आणि कधी गारांसह येतो, म्हणून तिथे मार्चअखेर काम आटोपतं घ्या. लग्नसराईत किंवा गुढीपाडव्याला ज्या दुकानांचा धंदा जोरात असतो, त्यांच्या डोक्यावरचा खण त्या आठवड्यात उघडू नका.

पायरी ६ : कौलं जमवणं

काम सुरू होण्यापूर्वी कौलं आवारात आलेली हवीत. दोन कारखान्यांची कौलं दिसायला सारखी असली तरी त्यांच्या खाचा एकमेकींत बसत नाहीत. त्यामुळे नियम असा : एका पाख्यावर एकाच कारखान्याची कौलं. जुनी शाबूत कौलं रस्त्यावरून जास्त दिसणाऱ्या पाख्यावर एकत्र करा, नवीन दुसऱ्या पाख्यावर लावा. पाडलेल्या घरांची कौलं विकत मिळतात. घेताना ठसा आणि माप दोन्ही जुळवा.

नवीन कौलं घेताना भारतीय मानक आयएस ६५४ मधला वर्ग विचारा. ‘एए’ वर्गाच्या कौलाने सरासरी १८ टक्क्यांहून जास्त पाणी पिऊ नये, ‘ए’ वर्गाच्या २० टक्क्यांहून. घरच्या घरी परीक्षा सोपी आहे. सहा कोरडी कौलं वजन करा, २४ तास पाण्यात बुडवा, पुसून पुन्हा वजन करा. ‘एए’ म्हणून दिलेलं अडीच किलोचं कौल दोन किलो ९५० ग्रॅमच्या पुढे गेलं तर तो माल परत करा. मग प्रत्येक कौल टांगतं धरून बोटाच्या पेराने टिचकी मारा. नीट भाजलेलं कौल धातूसारखं खणखणतं. चीर असेल तर आवाज बसका येतो, चीर डोळ्यांना दिसत नसली तरी.

तुटफूट धरून दहा टक्के जास्त घ्या. काम संपल्यावर उरलेली विकू नका.

पायरी ७ : खालच्या दुकानांचं संरक्षण

दुकानं चालू ठेवून काम करायचं तर दोन गोष्टी हव्यात. एक, दर्शनी बाजूला परांची आणि तिच्यावर पादचाऱ्यांच्या डोक्यावर फळ्यांचं भक्कम छत. दुसरी, पोटमाळ्यावर, चालू खणाखाली, फळ्यांचा तात्पुरता माळा. त्यावर ताडपत्री अंथरा म्हणजे शतकभराची धूळ आणि कौलांचे तुकडे खाली उतरणार नाहीत. कापडाच्या आणि कागदाच्या दुकानांना हे विशेष सांगून ठेवा.

पोटमाळ्यावरच्या वीजतारा कामाआधी बंद करून घ्या. आणि छपरावर आग नको : गॅस कटर नाही, वेल्डिंग नाही, विडी नाही. वाळकं सागवान, पाखरांची घरटी आणि जुन्या वह्यांचे गठ्ठे असलेल्या पोटमाळ्यात एक ठिणगी पुरते. पॅरिसच्या नोत्र दाम कॅथेड्रलचं लाकडी छप्पर १५ एप्रिल २०१९ रोजी जळालं, ते दुरुस्तीचं काम चालू असतानाच. बोल्ट गंजून अडकला तर करवतीने कापा. काम संपल्यावर तासभर एक माणूस वर थांबवा.

पायरी ८ : खण उघडणं

आपल्या उदाहरणातल्या इमारतीत कैच्या तीन-तीन मीटरवर धरल्या तर सहा खण होतात. एका खणात दोन्ही पाख्यांची मिळून ५०० कौलं. ती उतरवताना हा क्रम पाळा :

१. आधी आढ्यावरचे कोने काढा. चुना छिन्नीने हळू सोडवा.

२. मग आढ्याकडून वळचणीकडे कौलं काढत या, पण दोन्ही पाखी सोबत. पूर्वेच्या दोन ओळी, मग पश्चिमेच्या दोन. एक पाखं रिकामं आणि दुसरं भरलेलं ठेवलं तर कैची एका बाजूला ढकलली जाते आणि तिचे सांधे उघडतात.

३. कौलावर पाय ठेवू नका. शिडी आडवी टाकून तिच्यावर बसा, पट्टा आढ्याला नको, परांचीला बांधा.

४. कौलं फेकू नका. हातोहात किंवा टोपलीतून कप्पीने उतरवा. खाली उभी रचा, आडवी नको. पोटमाळ्यावर ढीग लावू नका. ५०० कौलं म्हणजे सव्वा टन, आणि माळ्याची जमीनही तितकीच जुनी आहे.

५. तिथेच निवड करा. शाबूत कौलं एका बाजूला. कडा फुटलेली दुसरीकडे, ती कोनात कापून वापरता येतात. तडकलेली बाद.

मधल्या काळात कुणी काही खणांवर सिमेंटचे नालीदार पत्रे टाकलेले असतील तर त्यांत ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता धरून चाला. ते फोडू नका, कापू नका, झाडू मारू नका. पाणी शिंपडून, बोल्ट सोडवून, अख्खे उतरवा. बारीक कण अडवणारे मास्क घाला, पत्रे जाड प्लॅस्टिकमध्ये गुंडाळा आणि घातक कचरा उचलण्याची परवानगी असलेल्यांकडेच द्या. कबुतरांची विष्ठाही कोरडी झाडू नका. ती ओली करून खरवडा.

संध्याकाळी ताडपत्री आढ्यावरून दोन्ही बाजूंना सोडून बांधा. तिची कड शेजारच्या खणातल्या कौलांच्या वर नीट चढलेली हवी. पाऊस नसला तरी दव, पाखरं आणि चोर असतात.

पायरी ९ : लाकूडकाम

कुजलेलं टोक कापा, अख्खी तुळई बदलू नका. निरोगी लाकूड लागेपर्यंत कापून तिथे जुन्या सागवानाचा तुकडा लांब तिरक्या सांध्याने जोडा आणि बोल्टांनी आवळा. सांध्याची लांबी आणि बोल्टांची संख्या अभियंत्याने ठरवायची. लाकूड जुन्या लाकडाच्या वखारीतून आणा. ते आधीच वाळलेलं असतं, नंतर पिळत नाही. नवीन घेतलं तर पुरतं वाळलेलं घ्या.

भिंतीत जाणारं टोक पूर्वीसारखं चुन्यात गच्च पुरू नका. खाली सपाट दगड ठेवा आणि टोकाभोवती इंचभर मोकळी जागा सोडा. हवा खेळली की लाकूड वाळतं. भिंतीचा माथा ढिला झाला असेल तर तो चुना-सुरखीतच बांधा. जुन्या विटांच्या आणि चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा कडक थर दिला तर भिंतीतली ओल बाहेर पडायची वाट बंद होते आणि ती तुळईच्या टोकाकडे वळते. पुन्हा तीच कूज, दहा वर्षांनी. चुन्याच्या कामावर गोणपाट टाकून किमान आठवडाभर ओल राखा.

आढं थोडं झुकलेलं असेल तर जॅक लावून एका दिवसात सरळ करायचा मोह आवरा. लाकूड त्या वळणात शंभर वर्षं स्थिरावलेलं आहे. झोक वाढत नसेल तर तसाच ठेवा आणि रिपांखाली पातळ पट्ट्या देऊन पृष्ठभाग समतल करा.

प्रत्येक कैचीचं टोक भिंतीला लोखंडी पट्टीने आणि बोल्टने बांधून घ्या. हे जुन्या कामात बहुधा नसतं आणि वादळात हेच कामी येतं.

पायरी १० : रिपा मारणं

रिपांमधलं अंतर पुस्तकातून घेऊ नका, आणलेल्या कौलांवरून काढा. जमिनीवर दहा कौलं एका ओळीत एकमेकांत अडकवा. आधी ताणून लांबी मोजा, मग दाबून. दोन्हींची सरासरी काढून एका कौलाचं अंतर ठरवा. ते बहुधा १२ ते १३ इंचांच्या दरम्यान येतं. वरचं कौल खालच्यावर किमान ६० मिलिमीटर चढलंच पाहिजे. मग वळचणीपासून आढ्यापर्यंतची लांबी त्या अंतराने भागून पाहा. शेवटी अर्धं कौल उरत असेल तर फरक सगळ्या ओळींत थोडा थोडा वाटून टाका.

वळचणीची पहिली रीप इतरांपेक्षा एका कौलाच्या जाडीइतकी उंच ठेवा. वरच्या प्रत्येक कौलाला खालच्या कौलाचा आधार असतो, पहिल्याला नसतो. ही रीप सपाट मारली तर पहिली ओळ पुढे झुकते, दुसऱ्या ओळीखाली फट पडते आणि वाऱ्याचा पाऊस आत येतो. छपरावरची ही सगळ्यांत स्वस्त चूक आहे आणि सगळ्यांत जास्त वेळा होते.

समुद्राजवळ साधे खिळे वापरू नका. स्टेनलेस स्टीलचे घ्या.

पायरी ११ : पाण्याच्या वाटा

कौलं बसवण्याआधी पन्हळी करा, नंतर नव्हे. आपल्या उदाहरणात एका पाख्यावरचं पाणी साधारण ८८ चौरस मीटर जागेवरचं आहे. तासाला १०० मिलिमीटर पाऊस धरला तर तासाला ८,८०० लिटर, म्हणजे सेकंदाला जवळपास अडीच लिटर पाणी. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता, हे ध्यानात ठेवून पन्हळ मोठीच घ्या. शंभर फुटांना एक फूट उतार द्या आणि प्रत्येक पाख्याला किमान दोन नळ सोडा. एक तुंबला तर दुसरा हवा. दोन्ही तुंबले तर पाणी पन्हळीवरून बाहेर सांडावं, भिंतीकडे नव्हे. त्यासाठी बाहेरची कड आतल्यापेक्षा खाली ठेवा.

दोन पाखी आत मिळतात तिथे खाली फळी देऊन किमान दोन फूट रुंद अखंड पत्रा बसवा. कौलं त्यावर दोन्हीकडून चढवा, मधली पाच-सहा इंचांची वाट मोकळी सोडा. तिथे चुना भरून ‘सफाईदार’ करू नका. पानं अडकतात ती नेमकी तिथेच.

पाखं शेजारच्या भिंतीला भिडतं तिथे पत्रा कौलांच्या वर किमान सहा इंच भिंतीवर चढवा आणि त्याची वरची कड भिंतीत खाच पाडून आत घाला, मग खाच चुन्याने बुजवा. नुसता भिंतीला चिकटवलेला पत्रा दोन पावसाळ्यांत सुटतो.

पायरी १२ : कौलं बसवणं

वळचणीला सूत ताणा. पहिली ओळ त्या सुताला लावून बसवा आणि खालून वर या. इथेही दोन्ही पाखी सोबत. कौलाची बाजूची खाच पूर्ण बसल्याचा ‘टक’ असा आवाज येतो. तो आला नाही तर कौल काढून पुन्हा बसवा, ठोकून बसवू नका. दर चार-पाच ओळींनंतर खाली उतरून, लांब उभं राहून ओळ पाहा. जवळून सरळ दिसणारी ओळ रस्त्यावरून वाकडी दिसते.

कौलाच्या पाठीवरच्या उंचवट्यात तारेसाठी भोक असतं. वळचणीच्या दोन ओळी, आढ्याखालची ओळ आणि दोन्ही टोकांच्या उभ्या ओळी यांतलं प्रत्येक कौल तांब्याच्या तारेने रिपेला बांधा. मधल्या भागात दर चौथी ओळ बांधली तरी चालतं. किनाऱ्यावर दर दुसरी बांधा.

पोटमाळ्यावर अंधार असेल तर प्रत्येक खणात दोन-तीन काचेची कौलं टाका. विजेची बचत होते आणि गळती शोधायला उजेड मिळतो.

कोने चुना-सुरखीत बसवा. चुना दोन्ही कडांखाली भरा, मधला पोकळ भाग भरू नका. तो गच्च भरला तर आढ्याचं लाकूड ओलाव्यात अडकतं.

मग पुढचा खण.

पायरी १३ : पाण्याची चाचणी

दोन-तीन खण पूर्ण झाले की नळीने पाणी सोडून पाहा. वळचणीपासून सुरुवात करा आणि अर्ध्या-अर्ध्या तासाने वर सरका. थेट आढ्यावरून पाणी सोडलं तर सगळीकडूनच ओघळतं आणि चूक कुठे आहे ते कळत नाही. आत टॉर्च घेऊन एक जण बसवा आणि पायरी १ मधल्या खडूच्या खुणा तपासा. ज्या खुणेजवळ पाणी आलं तो खण परत उघडा. परांची अजून उभी आहे तोवरच हे स्वस्तात होतं.

पायरी १४ : वही आणि पैसे

नकाशे, फोटो, कौलांचा ठसा, रिपांमधलं अंतर, कोणती तुळई कुठे जोडली, हे सगळं एका वहीत लिहून तिची एक प्रत मालकाकडे आणि एक गाळेवाल्यांकडे ठेवा. उरलेली कौलं पोटमाळ्यावर भिंतीलगत, कैचीच्या खाली, एका ओळीत ठेवा. वर एसीचा बाहेरचा संच, पाण्याची टाकी, फलकाचा सांगाडा किंवा मोबाइलचा मनोरा बसवायला कुणालाही परवानगी देऊ नका, आणि हे करारातच लिहा. केबलवाल्याला वर जायचं असेल तर सोबत माणूस पाठवा.

दरवर्षी रोहिणी लागण्याआधी पन्हळी आणि कोनातल्या वाटा साफ करा, सरकलेली कौलं जागेवर आणा, भिंतीतली पिंपळाची रोपं मुळासकट काढा. दोन माणसांचं फार तर दोन दिवसांचं काम आहे.

ठेकेदाराचं बिल खणागणिक द्या : खण झाला, पाण्याची चाचणी झाली, की त्या खणाचे पैसे. पण एकूण रकमेचा दहावा हिस्सा राखून ठेवा आणि तो पहिला पावसाळा उलटल्यावर, दसऱ्यानंतर चुकता करा. ही अट पहिल्याच बैठकीत सांगा. काम येणारा ठेकेदार ती मान्य करतो. जो खळखळ करेल, त्याच्या हाती पहिला खणही देऊ नका.